पीएच सात आला तरी व्हॉल्व्ह उघडू नका : इम्प्लांटच्या ॲसिड-धुवणाचा टप्प्याटप्प्याने बंदोबस्त

हाडांचे स्क्रू-प्लेट बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. पिकलिंगच्या (ॲसिडने धातूचा वरचा थर उतरवायच्या) टाक्यांशेजारी निळा ड्रम, त्यात दिवसभराचं धुवणाचं पाणी, बाजूला कॉस्टिक फ्लेक्सची (सोडियम हायड्रॉक्साइडची) गोणी आणि पीएच पट्ट्यांची डबी. संध्याकाळी ऑपरेटर दोन मुठी कॉस्टिक टाकतो, पट्टी बुडवतो आणि ती हिरवी झाली की व्हॉल्व्ह उघडतो. ‘न्यूट्रल केलं, सर.’

पट्टी खोटं बोलत नाही. तिला प्रश्न चुकीचा विचारला जातो, एवढंच. ॲसिडपणा गेला हे ती सांगते. फ्लोराइड, नायट्रेट, निकेल, व्हॅनेडियम गेले का, हे तिला कळायचा मार्गच नाही. कॉस्टिकने तर फ्लोराइडचं सोडियम फ्लोराइड होतं आणि ते पाण्यात छान विरघळून नाल्यापर्यंत जातं.

हा लेख टायटॅनियम (ग्रेड ५ किंवा २३) आणि ३१६ एल स्टीलचे इम्प्लांट बनवणाऱ्या, घरातच पिकलिंग, इलेक्ट्रोपॉलिश (विजेने चकाकी), पॅसिव्हेशन (ॲसिडने गंजरोधक थर) आणि ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा थर) करणाऱ्या युनिटसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. मधली पायरी गाळली तर पुढची चालत नाही.

आधी हे हाताशी ठेवा

कोणत्या आकड्याशी झुंजायचं आहे ते भिंतीवर लिहून ठेवा. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात पीएच ५.५ ते ९, फ्लोराइड २ मिलिग्रॅम प्रति लिटर, एकूण क्रोमियम २, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१, निकेल ३, व्हॅनेडियम ०.२ आणि नायट्रेटमधला नायट्रोजन १० मिलिग्रॅम प्रति लिटर. सार्वजनिक गटारासाठी फ्लोराइडची मर्यादा १५ आहे. पण तुमच्यावर बंधनकारक आकडा तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात) लिहिलेला असतो आणि तो याहून कडक असू शकतो. सीईटीपीला (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) पाणी देत असाल तर तिथली इनलेट मर्यादा वेगळी. कन्सेंटचा कागद ऑफिसच्या कपाटात आणि ईटीपी (युनिटचं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र) शेडमागे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. त्याची एक झेरॉक्स ईटीपीपाशी लावा.

सामान: हायड्रेटेड चुना, कॅल्शियम क्लोराइड, फिटकरी किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड), थोडं फेरिक क्लोराइड, सोडियम मेटाबायसल्फाइट, पॉली (कण जोडून गाळ बसवणारं पॉलिमर), पीएच मीटर (पट्टी नव्हे), जार टेस्टसाठी (थोड्या पाण्यावर डोस ठरवायच्या चाचणीसाठी) एक-एक लिटरचे सहा प्लास्टिकचे मग.

सावधान: एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड हाताळताना २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टाकीपासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर असलं पाहिजे, मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये नव्हे. पातळ एचएफ अंगावर उडालं तर सुरुवातीला दुखत नाही. काही तासांनी दुखायला लागतं, तोवर ते आत शिरलेलं असतं. लगेच वाहत्या पाण्याने धुवायचं, जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी हॉस्पिटल गाठायचं. जेलची एक्सपायरी बघितली आहे का? आज बघा.

## टप्पा १ : वही, बादली आणि स्टॉपवॉच

ईटीपीवाल्याला फोन करण्याआधी स्वतःचा हिशेब काढा. प्रत्येक टाकीसाठी एक ओळ: किती लिटर, कोणतं ॲसिड किती टक्के, कोणता धातू बुडतो, बाथ (टाकीतलं ॲसिड) किती दिवसांनी बदलतो, नंतरच्या रिन्सचा (पाण्याने धुण्याचा) नळ किती चालतो. रिन्सला मीटर नसेल तर दहा लिटरची बादली नळाखाली धरा आणि मोबाइलवर वेळ घ्या. ‘बारीकच चालू असतो’ असा नळ दिवसाला किती पाणी नेतो, ते पाहून मालक गप्प होतो.

मग धातूचा हिशेब. समजा एक चौरस मीटर टायटॅनियमवरून २० मायक्रॉनचा थर पिकलिंगमध्ये उतरवला. तो २० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८९ ग्रॅम धातू. विरघळताना टायटॅनियमचा एक अणू सहा फ्लोराइड धरतो. वजनात हे एका ग्रॅमला जवळजवळ २.४ ग्रॅम पडतं. म्हणजे या कामातून साधारण २०० ग्रॅम फ्लोराइड बाथमध्ये अडकलं. ग्रेड ५ मध्ये सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं, तेही साडेतीन ग्रॅम उतरलं. ‘साडेतीन ग्रॅम काय ते?’ ०.२ मिलिग्रॅमच्या मर्यादेला ते साडेसतरा हजार लिटर पाणी बिघडवायला पुरतं.

आता अख्खा बाथ बघा. १०० लिटरच्या ताज्या बाथमध्ये ३ किलो एचएफ आणि ३० किलो नायट्रिक धरा. चुन्याने तो पूर्ण मारायचा तर शुद्ध चुना सुमारे २३ किलो लागेल. बाजारचा चुना तितका शुद्ध नसतो, म्हणून तीसच्या आसपास धरा. तळाला जवळजवळ सहा किलो कोरडं कॅल्शियम फ्लोराइड बसेल. आणि ३० किलो नायट्रिकमधला साडेसहा किलोहून जास्त नायट्रोजन? तो जिथल्या तिथे, पाण्यात. कॅल्शियम नायट्रेट विरघळतं, चुना त्याचं काही करू शकत नाही. नुसतं पाणी घालून ते १० मिलिग्रॅमवर आणायचं म्हटलं तर साडेसहा लाख लिटरहून जास्त पाणी लागेल. आणि पाणी घालून पातळ करणं हा उपचार नाहीच, तो नियमभंग आहे.

हा आकडा डोक्यात पक्का बसला की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

तपासा: महिन्यात विकत घेतलेलं ॲसिड = बाथमध्ये उरलेलं + वापरलेल्या ॲसिडच्या कॅनमधून गेलेलं + रिन्समध्ये गेलेलं + धुरातून गेलेलं. बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी न लिहिलेला पाइप आहे.

## टप्पा २ : पाच पाणी, पाच वाटा

सगळं एका पिटमध्ये जमा करून मग बघू, या विचाराने जितके ईटीपी बिघडले तितके केमिकल कमी पडून बिघडले नसतील. एकत्र झालेलं पाणी परत वेगळं करता येत नाही. किमान इतक्या वाटा वेगळ्या ठेवा:

१. टायटॅनियमचं एचएफ-नायट्रिक धुवण.
२. ३१६ एल चं इलेक्ट्रोपॉलिश आणि नायट्रिक पॅसिव्हेशनचं धुवण. यात क्रोमियम, निकेल आणि फॉस्फेट.
३. सायट्रिक पॅसिव्हेशनचं पाणी.
४. डीग्रीझिंग आणि अल्ट्रासॉनिकचं साबणी पाणी.
५. वापरून संपलेले दाट बाथ. हे पाणी नव्हे, हा घातक कचरा.

पहिलं आणि दुसरं का मिसळायचं नाही, हे ऑपरेटरला नीट समजावून सांगा, नाहीतर रात्रपाळीत ते मिसळणारच. फ्लोराइडला बसवायला कॅल्शियम लागतं. इलेक्ट्रोपॉलिशमधून आलेलं फॉस्फेट तेच कॅल्शियम आधी पळवतं. हिप स्टेमवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) थर चढवायला आपण पैसे मोजतो, त्याच घराण्यातलं कॅल्शियम फॉस्फेट इथे टाकीच्या तळाशी फुकट तयार होतं आणि फ्लोराइड वरच्या पाण्यात मोकळं राहतं.

नळ्यांना आणि कॅनना रंग द्या. टायटॅनियमची लाल, स्टीलची हिरवी, सायट्रिकची पिवळी, काहीही चालेल. फक्त झाकण आणि कॅन एकाच रंगाचे हवेत. झाकणं अदलाबदल होतात.

सावधान: नायट्रिकच्या कॅनमध्ये आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल), ॲसिटोन किंवा त्यात भिजलेलं फडकं कधीही नाही. सुरुवातीला काही होत नाही. नंतर कॅन गरम होतो, फुगतो आणि फुटतो. सायट्रिकचा जुना बाथही नायट्रिकच्या ड्रममध्ये ओतू नका. नायट्रिकचे ड्रम गच्च बंद करू नका, वायू निघून जाणारं झाकण वापरा.

## टप्पा ३ : रिन्स आधी कमी करा

ईटीपी मोठा करण्यापेक्षा पाणी कमी करणं स्वस्त पडतं, हे सगळे मान्य करतात. हिशेब मात्र कोणी करत नाही. जिगबरोबर (पार्ट टांगायच्या चौकटीबरोबर) तासाला एक लिटर बाथ बाहेर येतो असं धरा आणि शेवटचं धुवण हजारपट पातळ हवं. एकाच वाहत्या टाकीत तासाला हजार लिटर लागतात. दोन टाक्या उलट्या प्रवाहात ठेवल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ते पहिल्या टाकीत, तर सुमारे ३२ लिटर. तीन टाक्या असतील तर १०.

हजारवरून बत्तीस. एक जादा टाकी आणि एक वाकडा पाइप, एवढाच खर्च.

जिग बाथच्या वर १५-२० सेकंद निथळू द्या. पार्ट आडवे न लावता तिरपे लावा. प्लेटच्या आणि कॅन्युलेटेड (आरपार पोकळ) स्क्रूच्या भोकांत ॲसिड अडकून येतं, म्हणून भोकं खालच्या बाजूला येतील असा जिग बनवा. बाथनंतर लगेच एक स्थिर टाकी ठेवा. ती दाट झाली की बाथमधली कमी झालेली पातळी त्याच पाण्याने भरून काढा, पण तिच्यात विरघळलेला धातू तपासूनच.

नेहमीची चूक: टायटॅनियम हवेत निथळताना ॲसिड वाळून डाग पडतात, मग क्यूसी (गुणवत्ता तपासणी) नापास करतो आणि पार्ट पुन्हा पिकलिंगला जातो. नापास झालेला प्रत्येक पार्ट दुप्पट ॲसिड खातो. निथळण्याची वेळ ठरवताना क्यूसीच्या माणसाला टाकीपाशी उभं करा.

## टप्पा ४ : दाट बाथ ईटीपीत नको

संपलेला बाथ थोडा-थोडा रोज ईटीपीत सोडायचा, ही चाल अनेक ठिकाणी चालते. टप्पा १ मधलं नायट्रेटचं गणित आठवा. दाट ॲसिड घातक कचरा नियमांच्या परिशिष्ट १ मध्ये १२.२ खाली, वापरलेलं ॲसिड आणि अल्कली म्हणून येतं. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्यायचं. काम मोठं असेल तर डिफ्यूजन डायलिसिसच्या पडद्याने मोकळं ॲसिड परत मिळवता येतं. महिन्याला एक-दोन बाथ बदलणाऱ्या युनिटला ते परवडणार नाही.

बाथ कधी टाकायचा ते रंगावर ठरवू नका. ॲसिडचं टायट्रेशन आणि विरघळलेला धातू, दोन्ही बघा. फक्त एचएफ कमी झालं असेल तर थोडं घालून बाथ पुढे चालतो. ‘सोमवारी बाथ बदलायचा’ हा नियम कॅलेंडरचा आहे, रसायनाचा नाही.

इथेच एक मोह होतो. नायट्रेट कमी करायला नायट्रिकच कमी घालू या! थांबा. टायटॅनियमच्या पिकलिंगमध्ये नायट्रिक आणि एचएफचं प्रमाण १० ला १ ठेवायला सांगतात ते धातूत हायड्रोजन शिरू नये म्हणून. नायट्रिक कमी पडलं तर टायटॅनियम हायड्रोजन पितो आणि ठिसूळ होतो. नाला वाचवायच्या नादात पेशंटच्या मांडीत तुटणारी प्लेट बनवू नका. कमी करायचंच असेल तर बाथमध्ये उतरणारा थर कमी करा. मशीनिंग आणि ब्लास्टिंग चांगलं झालं तर २० मायक्रॉनचं काम दहात होतं का, ते ट्रायल घेऊन बघा.

## टप्पा ५ : फ्लोराइड बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिली पायरी, चुना. आधी टाकीत चुन्याचं दूध बनवा, ढवळणी चालू करा, मग त्यात ॲसिडी पाणी हळूहळू सोडा. ॲसिडात चुना टाकायचा नाही. तसं केलं तर वरच्या थरात उकळी फुटते आणि एचएफचा फवारा तोंडावर येतो. शिवाय चुन्याच्या खड्यांवर फ्लोराइडचं कवच बसतं आणि आतला चुना कामाला येत नाही. ‘इतका चुना घातला तरी फ्लोराइड उतरत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

पीएच १० ते ११ पर्यंत न्या आणि ३० ते ४५ मिनिटं ढवळत ठेवा. पीएच ७ ला थांबू नका. फ्लोराइड टायटॅनियमला घट्ट धरून बसलेलं असतं. ती पकड सुटायला अल्कली आणि वेळ दोन्ही लागतात.

दुसरी पायरी, विरजण. पातळ धुवणात कॅल्शियम फ्लोराइडचे कण फार सावकाश बनतात. मागच्या खेपेचा थोडा गाळ विरजणासारखा टाकीत ठेवा. नवे कण त्याच्यावर बसतात, मोठे होतात आणि लवकर खाली येतात. पीएच चढला आहे, पण फ्लोराइड अजून जास्त आहे, अशा वेळी आणखी चुना न घालता कॅल्शियम क्लोराइड घाला. हवं आहे ते कॅल्शियम, अल्कली नव्हे.

तिसरी पायरी, गाळ वेगळा काढा. पॉली घालून बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या. ही पायरी गाळून लोक त्याच टाकीत पुढचं काम करतात आणि फसतात. पुढे पीएच खाली आणून फिटकरी घातली की ॲल्युमिनियम त्या गाळातलंच फ्लोराइड ओढून परत पाण्यात आणतं. फिटकरी घातल्यावर फ्लोराइड वाढल्याचा रिपोर्ट आला तर आधी हे बघा.

चौथी पायरी, उरलेलं फ्लोराइड. कॅल्शियम फ्लोराइड स्वतःच पाण्यात थोडं विरघळतं. कागदावरच्या गणितात त्यातून लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड येतं, प्रत्यक्षात १० ते २० उरतं. म्हणजे नुसत्या चुन्याने २ मिलिग्रॅम गाठता येत नाहीत, कितीही चुना घाला. निवळ पाण्याचा पीएच ६.५ च्या आसपास आणा, फिटकरी किंवा पीएसी घाला, ढवळा, बसवा. याच वेळी थोडं फेरिक क्लोराइड घातलं तर व्हॅनेडियमही त्या लोखंडी गाळाला चिकटून उतरतं. चुन्याच्या उच्च पीएचवर व्हॅनेडियम पाण्यातच फिरत राहतं. डोस पुस्तकातून घेऊ नका. सहा मग, सहा डोस, त्याच दिवशीचं पाणी.

त्यानंतरही दोनच्या खाली येत नसेल तर ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा कॉलम लावा.

तपासा: पहिल्या निवळीनंतर आणि शेवटी, दोनदा फ्लोराइड मोजा. एकदाच मोजलं तर कोणती पायरी लंगडी आहे ते कळत नाही.

नायट्रेट अजून तिथेच आहे. बाथ वेगळा काढला असेल आणि रिन्स कमी केलं असेल तर ते सीईटीपीच्या जैविक प्रक्रियेला झेपेल इतकं राहतं. झेपेल का, हे सीईटीपीला लेखी विचारा.

## टप्पा ६ : स्टीलची वाट

इम्प्लांटच्या ३१६ एल मध्ये १७ ते १९ टक्के क्रोमियम आणि १३ ते १५ टक्के निकेल असतं. इलेक्ट्रोपॉलिशमध्ये जे उतरतं ते या प्रमाणात पाण्यात येतं.

आधी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आहे का ते बघा. डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाका. जांभळट गुलाबी रंग आला तर आहे. पॅसिव्हेशन बाथमध्ये अजून सोडियम डायक्रोमेट घालत असाल तर आजच त्याची गरज तपासा. एएसटीएम ए९६७ या पॅसिव्हेशनच्या मानकामध्ये डायक्रोमेट नसलेले पर्याय दिलेले आहेत: २० ते ४५ टक्के नायट्रिक, २१ ते ३२ अंश सेल्सियसला, किमान ३० मिनिटं. जुन्या रेसिपीच्या वहीत लिहिलंय, एवढ्याच कारणाने डायक्रोमेट विकत घेणारे अजून भेटतात.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असेल तर क्रम असा: पीएच २ ते ३, मग मेटाबायसल्फाइट, रंग पिवळ्यावरून हिरवट झाला की पुन्हा कार्बाझाइडची चाचणी, आणि गुलाबी येत नाही हे बघूनच चुना. पीएच आधी वाढवून मग मेटाबायसल्फाइट घातलं तर प्रतिक्रिया इतकी मंदावते की संध्याकाळपर्यंत बसाल. हे काम पंखा-डक्टखाली करा, सल्फर डायऑक्साइड सुटतो.

मग चुना, कॉस्टिक नव्हे. फॉस्फेटही त्याच्यासोबत उतरतं. क्रोमियम साडेआठच्या आसपास उत्तम बसतं, निकेलला १० ते १०.५ लागतात. एका आकड्यावर दोघांना खूश करता येत नाही. निकेल जास्त असेल तर दोन टप्प्यांत बसवा आणि मध्ये गाळ काढा. शेवटी फक्त गाळलेल्या पाण्याचा पीएच नऊच्या आत आणा. गाळासकट आणला तर निकेल परत विरघळतं.

इलेक्ट्रोपॉलिशच्या बाथमध्ये सल्फ्युरिक असल्यामुळे इथे जिप्समही पडतं. गाळ अंदाजापेक्षा जास्त होतो. फिल्टर प्रेस छोटी घेऊ नका.

## टप्पा ७ : ‘हिरव्या’ सायट्रिकचा सापळा

नायट्रिक सोडून सायट्रिकवर या, ही सूचना योग्यच आहे. ए९६७ मध्ये ४ ते १० टक्के सायट्रिक ६० ते ७१ अंशाला किमान चार मिनिटं असा पर्याय आहे. धूर नाही, नायट्रेट नाही. पण सायट्रिक धातूला मिठी मारतं. हे धुवण निकेल-क्रोमियमच्या पाण्यात मिसळलं की चुना कितीही घाला, निकेल बसत नाही, कारण सायट्रेटने त्याला धरून ठेवलेलं असतं. ‘सायट्रिक सुरू केल्यापासून निकेलचा रिपोर्ट फेल होतोय’ असा फोन मला आला तेव्हा उत्तर पिटमध्येच होतं. दोन्ही पाइप एकाच चेंबरला जोडलेले.

सायट्रिकची वाट वेगळी ठेवा. त्यातला धातू कमी असेल तर ते साबणी पाण्यासोबत जैविक प्रक्रियेला जाऊ द्या, त्याने सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय भाराचं माप) वाढेल हे धरून. धातू जास्त असेल तर ऑर्गॅनोसल्फाइड जातीचं रसायन लागतं. त्याचा डोसही जार टेस्टनेच.

## टप्पा ८ : धूर आणि धूळ

पिकलिंग टाकीवर तपकिरी धूर दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. टाकीच्या काठावरून तो ओढा आणि कॉस्टिकच्या स्क्रबरमधून न्या. साध्या पाण्याच्या स्क्रबरमध्ये नायट्रिक ऑक्साइड फारसं विरघळत नाही, म्हणून वरून तपकिरी झुळूक दिसतच राहते. स्क्रबरच्या टाकीचं पाणी कुठे जातं हा प्रश्न स्वतःला विचारा. त्यात फ्लोराइड असतं, ते टायटॅनियमच्या वाटेलाच गेलं पाहिजे. बऱ्याच ले-आउटमध्ये हा पाइप काढलेलाच नसतो. एचएफच्या डक्टला साधं एफआरपी लावू नका, त्यातल्या काचेच्या धाग्यांना एचएफ खातं. पीपी (पॉलिप्रोपिलीन) घ्या.

टायटॅनियमची बारीक धूळ पेटते. तिच्या आगीवर पाणी मारायचं नाही, क्लास डी चा अग्निशामक किंवा कोरडी वाळू. ब्लास्टिंगची कॅबिनेट टायटॅनियम आणि स्टीलला एकच असेल तर ती आजच वेगळी करा. इम्प्लांटवर लोखंडाचे कण बसतात आणि डस्ट कलेक्टरमध्ये गंज नि टायटॅनियम एकत्र येतात, दोन्ही वाईट. धूळ झाडायला साधा व्हॅक्यूम क्लीनर नको.

## टप्पा ९ : नमुना घेताना

एका युनिटमध्ये स्वतःच्या लॅबचा फ्लोराइड १.४ येत होता आणि बाहेरच्या लॅबचा ६ च्या वर. दोघांनीही प्रामाणिकपणे मोजलं होतं. आतल्या लॅबने इलेक्ट्रोड सरळ पाण्यात बुडवला होता. फिटकरीतलं उरलेलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला झाकतं आणि इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराइड दिसतं. टिसॅब नावाचं बफर घालूनच मोजायचं. ते झाकलेलं सोडवतं.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नव्हे. सकाळी नऊ वाजताचा एकच नमुना पाठवू नका, पाळीभरात थोडं-थोडं जमवून पाठवा. बाथ बदललेल्या दिवसाचा एक नमुना स्वतःसाठी जरूर घ्या. तो दिवस सगळ्यात खरा असतो.

## टप्पा १० : गाळ आणि कागद

केक (फिल्टर प्रेसमधून निघालेला दाबलेला गाळ) वाळला म्हणून तो कंपाउंडच्या भरावात टाकायचा नसतो. ईटीपीचा रासायनिक गाळ त्याच परिशिष्ट १ मध्ये ३५.३ खाली येतो. टायटॅनियमचा आणि स्टीलचा गाळ वेगळ्या गोण्यांत ठेवा, छताखाली, पक्क्या फरशीवर. घातक व इतर कचरा नियम २०१६ प्रमाणे साठवण ९० दिवसांपर्यंत. गोणीवर नमुना ८ चं लेबल, रोजची नोंद नमुना ३ मध्ये, गाडी निघताना नमुना १० चं मॅनिफेस्ट, आणि ३० जूनपर्यंत नमुना ४ चा वार्षिक अहवाल. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. तुमचं सभासदत्व कोणत्या केंद्राचं आणि कोणत्या कचरा-क्रमांकांसाठी आहे ते एकदा वाचा. १२.२ त्यात नसेल तर तुमचे ॲसिडचे कॅन गेटवरूनच परत येतील.

तपासा: टप्पा १ मध्ये काढलेला गाळाचा अंदाज आणि मॅनिफेस्टवरचं वजन. मॅनिफेस्टवर फारच कमी दिसलं तर निरीक्षकाला जो प्रश्न पडेल, तो आधी स्वतःला पडू द्या.

## टप्पा ११ : प्रक्रिया बदलण्याआधी

सायट्रिक, लेझर टेक्स्चरिंग, कोरडं इलेक्ट्रोपॉलिश, पीव्हीडी (निर्वातात वाफेने थर चढवणं). यातलं काहीही आणताना ईटीपीवाला, क्यूए आणि रेग्युलेटरी एका टेबलावर बसवा. इम्प्लांटचा पृष्ठभाग बदलला की एएसटीएम एफ८६ प्रमाणे तयारी, स्वच्छतेचं व्हॅलिडेशन आणि गरज पडेल तिथे आयएसओ १०९९३ च्या जैवसुसंगतता चाचण्या पुन्हा बघाव्या लागतात. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ च्या सहाव्या परिशिष्टात मंजुरीनंतरच्या बदलांचे मोठे आणि किरकोळ असे दोन वर्ग आहेत. तुमचा बदल कोणत्या वर्गात बसतो ते ठरवूनच नवी टाकी मागवा. एकाने टाकी आधी आणली. कागद होईपर्यंत जुनी आणि नवी दोन्ही लाइन वर्षभर चालवावी लागली, धुवणही दोन्हीचं.